उष्णतेची वाटणी : प्रस्तावना

ज्या नगरात मे महिन्याची दुपार ४२-४३ अंशांपर्यंत तापते, वाळ्याच्या ताट्या भिजवल्यावाचून जेथे उन्हाळा निभत नाही आणि पौषातल्या पहाटेही पारा बहुधा १०-१२ अंशांपाशीच थांबतो, त्या भिलाईत बसून घर तापविणाऱ्या रेडिएटरांच्या व्हॉल्व्हवरील पुस्तकास प्रस्तावना लिहावी, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल, हे मी जाणून आहे. परंतु लेखकाने हस्तलिखित माझ्या स्वाधीन केले आणि मी ते चाळू लागलो, तेव्हा मला असे दिसून आले की, ज्या एका प्रश्नाशी झगडण्यात माझी झोतभट्टीवरची सगळी नोकरी गेली, तोच प्रश्न, केवळ आकाराने लहान होऊन, इंग्लंडमधील एखाद्या मराठी कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत भिंतीशी उभा आहे. उष्णता निर्माण कशी करावी हा तो प्रश्न नव्हे. निर्माण झालेली उष्णता ज्याच्या त्याच्या वाट्यास नीट कशी जावी, हा आहे.

लेखकाचे बालपण भिलाईच्या एका सेक्टरातील क्वार्टरात गेले, शिक्षण नागपुरास झाले आणि गेली कित्येक वर्षे त्यांचे वास्तव्य इंग्लंडच्या उत्तर भागात आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालत आलेले आहे, तेव्हा मराठी माणूस त्या देशात नवखा खचितच नाही. पण तेथील संसाराविषयी मराठीत जे काही माझ्या वाचनात आले, त्यात सणवार, शाळा, नोकऱ्या आणि एकटेपणा यांची वर्णने पुष्कळ असली, तरी ज्या यंत्रणेवर ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घरातले सारे सुखदुःख अवलंबून असते तिची साधी ओळख करून देणारे एक पानही मला आढळले नाही. नवे दांपत्य भाड्याच्या घरात राहावयास येते. प्रत्येक खोलीत भिंतीला एक पांढरे लोखंडी कपाटवजा उपकरण, त्याच्या पायथ्याशी एका अंगाला १ ते ५ आकड्यांची मूठ आणि दुसऱ्या अंगाला नुसते गुळगुळीत टोपण, असा सरंजाम दिसतो. थंडी वाजली की ते सगळ्या मुठी ५ वर नेऊन ठेवतात. महिन्याचे बिल हाती पडले की त्याच मुठी शून्यावर येतात, आणि मग थंड पडलेल्या भिंतींवर श्वासाची, न्हाणीची व स्वयंपाकाची वाफ धरून कोपऱ्याकोपऱ्यांत काळी बुरशी चढू लागते. हे पुस्तक त्या दांपत्यासाठी आहे.

आपल्याकडे ऊब ही जागच्या जागी वापरायची वस्तू होती. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवीत, तीत ओव्या-शेपांची धुरी घालीत. इकडे छत्तीसगढात त्याच कामी मातीची गोरसी असते. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी शेजारच्या छत्तीसगढी आजींनी आपल्या घरची गोरसी आणून दिली होती, आणि गोवरीच्या निखाऱ्यावर राख किती पसरावी हे माझ्या आईला त्यांनी बोटांच्या पेरांनी दाखविले होते : थर जाड झाला तर ऊब मरते, पातळ राहिला तर पहाटेच्या आत निखारा सरतो. राखेचा तो पेरभर थर म्हणजेच त्या गोरसीचा व्हॉल्व्ह होता, हे मला पुढे फार वर्षांनी उमगले. मध्यवर्ती तापनाच्या घरात मात्र अग्नी एकच, तोही स्वयंपाकघरातल्या एखाद्या कपाटात बंद. आणि तापवावयाच्या खोल्या सात-आठ, लहानमोठ्या, कोणी उन्हाच्या अंगाची तर कोणी उत्तरेकडची. बॉयलर पाणी तापवितो, पंप ते ढकलतो, एका नळाने ते रेडिएटरात शिरते, आपली उष्णता खोलीला देऊन दुसऱ्या नळाने परत येते. (रेडिएटर हे नाव अर्धेच खरे आहे; किरणांनी तो जितकी उष्णता देतो त्याहून अधिक तो आपल्या अंगावरून वर चढणाऱ्या हवेच्या द्वारे देतो, म्हणूनच त्याच्यापुढे सोफा किंवा जाड पडदा आणणे म्हणजे त्याचा गळा दाबणे होय.) आठ खोल्यांच्या आठ गरजा आणि पाणी वाहून नेणारा पंप एक, अशी स्थिती आली की वाटणीचा प्रश्न उपस्थित होतो, आणि वाटणीचे साधन म्हणजे व्हॉल्व्ह.

या विषयाच्या इतिहासात भिलाईच्या माणसाला आपल्या ओळखीचा एक धागा सापडतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी येथील पोलाद कारखान्याचा करार भारत व सोव्हिएत संघ यांच्या दरम्यान झाला, तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तोवर राज्यपुनर्रचना होऊन ती राजधानी भोपाळला गेलेली होती, पण नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूंनी मराठी कुटुंबे येऊन येथे स्थायिक होण्याचा ओघ चालूच राहिला. त्या उभारणीच्या काळात आपले अभियंते व कारागीर मोठ्या संख्येने सोव्हिएत संघातील पोलाद कारखान्यांत तालमीसाठी गेले. माझ्या आधीच्या पिढीतील त्या मंडळींच्या तोंडून तेथील वसतिगृहांतील बिडाच्या रेडिएटरांची वर्णने मी ऐकली आहेत. त्यांना तेथे ‘बातारेया’ म्हणत. रेडिएटरच्या शोधाचे श्रेय ज्यांना बहुधा दिले जाते ते फ्रांझ सान-गाली हेही सेंट पीटर्सबर्गचेच कारखानदार, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातले.

परंतु त्या वर्णनांतील मुख्य गोष्ट निराळीच होती. शहराच्या एका मोठ्या केंद्रातून गरम पाणी हजारो घरांना जाई. सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांखाली राहिले म्हणजे तापन सुरू करावयाचे, असा दंडक असे. आणि एकदा ते सुरू झाले की ते कमी-अधिक करण्याचा अधिकार घरात राहणाऱ्याकडे बहुतेक ठिकाणी नसेच. पुष्कळ इमारतींत एकच नळ मजल्यामागून मजला घेत रेडिएटरांतून जात असल्यामुळे एकाने तोटी बंद केली तर पुढच्या बिऱ्हाडांची वाट अडे. तेव्हा खोली फार तापली की मोठ्या खिडकीतील ‘फोर्तोच्का’ नावाची लहान झडप उघडून उणे २० अंशांची हवा आत घ्यावयाची, हाच एक उपाय उरे. निर्माण केलेली उष्णता खिडकीबाहेर सोडून खोली निववावी लागणे हा त्या लोकांचा दोष नव्हता. त्यांच्या नळाला व्हॉल्व्ह नव्हता, एवढीच गोष्ट. त्या मंडळींनी हे मला सांगितले तेव्हा मी ते प्रवासातील नवल म्हणून ऐकले. आज मला ते या विषयाचा उत्तम प्रवेशपाठ वाटतो.

खोलीची गरज खोलीनेच ठरवावी, ही तजवीज डेन्मार्कमध्ये झाली. आल्स नावाच्या बेटावर नॉर्डबोर्ग येथे मॅड्स क्लाउसेन यांनी १९३३ मध्ये शीतकरणाच्या यंत्रांना लागणारे व्हॉल्व्ह करण्याचा कारखाना काढला. तोच पुढे डॅनफॉस म्हणून प्रसिद्ध झाला. थंडी राखण्यासाठी जो व्हॉल्व्ह त्यांनी केला, त्याच्याच विचारसूत्राने ऊब राखणारा व्हॉल्व्ह त्यांनी १९४३ मध्ये सिद्ध केला, आणि १९५२ पासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले. १९७३ च्या तेलसंकटानंतर, जळणाचा प्रत्येक थेंब मोजण्याची पाळी आली तेव्हा, युरोपातील घराघरांत त्याचा शिरकाव झाला. आकड्यांची जी मूठ आपण पाहिली तिच्या पोटात एक लहानशी डबी असते. तीत मेण, द्रव किंवा वायू भरलेला असतो. खोली उबदार झाली की हा ऐवज फुगतो आणि खालच्या पितळी अंगातून वर आलेली, काडीएवढी जाड पोलादी खीळ आत दाबतो. खीळ आत गेली की पाण्याची वाट अरुंद होते. खोली निवली की ऐवज आकसतो, आतली स्प्रिंग खीळ वर उचलते आणि वाट पुन्हा मोकळी होते. वीज नाही, तार नाही, कोणाचा हुकूम नाही. खोलीची हवाच आपल्या पाण्याचा हिशेब ठेवते. मूठ फिरविणे म्हणजे ती डबी खिळीच्या जवळ किंवा दूर नेणे, याहून अधिक काही नाही.

एवढे नीट समजले की मघाच्या दांपत्याची चूक आपोआप लक्षात येते. मुठीवरील आकडे हे वेगाचे नव्हेत, मर्यादेचे आहेत. ३ म्हणजे साधारणपणे २० अंश. त्यावर एकेक आकडा गेला की सुमारे ४ अंश अधिक, आणि हिमकणाचे जे चिन्ह असते ते सुमारे ७ अंशांचे, नळ गोठू नयेत एवढ्यापुरते. बाहेरून थंडीने काकडत आलेल्या माणसाने मूठ ५ वर नेली तर खोली ३ पेक्षा लवकर तापत नाही, कारण थंड खोलीत ३ वरही व्हॉल्व्ह पुरा उघडाच असतो. ५ चा परिणाम एवढाच की, २० अंश झाल्यावरही तो थांबत नाही. लेखकाने या एका मुद्द्यासाठी सबंध प्रकरण खर्ची घातले आहे. ते मला प्रथम लांबलेले वाटले होते. शेफील्डला मुलीच्या घरी राहून आल्यावर माझे ते मत मी बदलले. त्याच प्रकरणात, भिंतीवरचा मुख्य तापनियंत्रक ज्या खोलीत आहे तेथील रेडिएटरला असा आपमतलबाने मिटणारा व्हॉल्व्ह बसवू नये, हा नियमही सकारण दिला आहे : तेथला रेडिएटर आधीच मिटला तर नियंत्रकाला ती खोली कायम थंड भासणार आणि तो बॉयलरला विश्रांती देणार नाही.

आता दुसऱ्या अंगाच्या त्या गुळगुळीत टोपणाकडे वळतो, कारण या पुस्तकाचे खरे मर्म त्याच्याखाली आहे. दुकानात त्या व्हॉल्व्हला ‘लॉकशील्ड’ म्हणतात. लेखकाने मुठीच्या व्हॉल्व्हला ‘खोलीचा व्हॉल्व्ह’ आणि या दुसऱ्याला ‘वाटणीचा व्हॉल्व्ह’ अशी नावे योजली आहेत, आणि ती इतकी समर्पक आहेत की ती रूढ व्हावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे. पाणी नेहमी सोप्या वाटेने जाते. बॉयलरच्या जवळचा रेडिएटर त्याला सोपा, दूरचा कठीण. म्हणून काही बंदोबस्त न केल्यास जवळचा आकंठ पितो आणि शेवटचा कोरडा राहतो. आपल्या खानदेशात पांझरेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे निराळे सांगावयास नको. बंधाऱ्यावरून निघालेल्या पाटाचे पाणी आधी तोंडाशी असलेल्या शेताला मनमुराद मिळू दिले तर शेवटच्या शेताला ओलही मिळत नाही. म्हणून पाटकरी वरच्या बाऱ्या बेताने दाबतो, आणि मगच पाणी टोकाला पोचते. टोकाच्या शेताची बारी कितीही रुंद केली तरी उपयोग नसतो. उपाय वरच्या बारीशी असतो.

शेफील्डला मुलीच्या घरी जानेवारीत मी हेच पाहिले. माडीवरच्या मागल्या खोलीत नातवाचे अभ्यासाचे टेबल. तेथील रेडिएटर ५ वर ठेवूनही कोमट. व्हॉल्व्ह बिघडला असे समजून तो बदलण्याचे घरात ठरत होते. मी आधी न्हाणीघरातील, बॉयलरला सर्वांत जवळच्या, रेडिएटरपाशी गेलो आणि त्याच्या दोन्ही नळांवर हात ठेवला. येणारा नळ तर पोळत होताच. पण परत जाणाऱ्या नळावरही तीन-चार क्षणांपेक्षा हात टिकेना. झोतभट्टीवर रुजू झालो तेव्हा आमच्या वस्तादांनी पहिल्याच पाळीला, भट्टीत गरम झोत सोडणाऱ्या तांब्याच्या तोंडांना निवविणारे पाणी जेथे बाहेर पडते त्या धारेखाली माझा हात धरला होता आणि म्हटले होते, आधी हाताला विचार, मग मीटरला. तेथे बाहेर पडणारे पाणी फार गरम लागले तर त्या शाखेला पाणी कमी मिळते आहे, असा अर्थ होतो. येथे अर्थ उलटा होता : परत जाणारे पाणी फार गरम, म्हणजे न्हाणीघर आपल्या वाट्याहून अधिक पाणी ओढून, उष्णता न घेताच ते परत धाडीत होते. टोपण काढले, लहान पान्याने आतली दांडी पुरी मिटेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून कागदावर लिहिले, आणि मग ती एका फेऱ्याहूनही कमी उघडी ठेवली. पुढे बैठकीची खोली, मग जिन्याखालची. प्रत्येक बदलानंतर अर्धा-पाऊण तास थांबलो, कारण पाण्याला नवी वाट धरावयास तेवढा अवधी लागतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातवाने आपण होऊन अंगातला स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. एकही वस्तू विकत आणावी लागली नाही.

येणाऱ्या व जाणाऱ्या पाण्यातील अंतर किती असावे, याचाही ऊहापोह पुस्तकात आहे. जुन्या ब्रिटिश वहिवाटीप्रमाणे ते सुमारे ११ अंश धरीत. आजच्या बॉयलरांसाठी २० अंशांपर्यंत धरतात, कारण परतीचे पाणी ५५ अंशांखाली असले तरच धुरातील वाफेचे पाणी होऊन तिच्यातील उष्णता परत हाती लागते. तात्पर्य, वाटणी बिघडली तर नुसती मागली खोली थंड राहत नाही, जळणही अधिक जाते.

व्हॉल्व्ह बसविण्याचे प्रत्यक्ष काम लेखकाने चित्रांसह सांगितले असल्यामुळे त्यावर मी फारसे लिहीत नाही. पाणी निवू द्यावे, यंत्रणा रिकामी करावी, खाली परात व जुनी फडकी ठेवावीत. नट सोडविताना एका पान्याने व्हॉल्व्हचे अंग धरून ठेवावे आणि दुसऱ्याने नट फिरवावा, नाहीतर पिळला जातो तो फरशीखालचा नळ. १५ मिलिमीटरच्या नळावरील पितळी कडी नट हाताने घट्ट केल्यानंतर सुमारे एक ते सव्वा फेऱ्यात बसते. त्यापुढे जोर करणारा माणूस गळती थांबवीत नाही, तिला आमंत्रण देतो. आट्यांना आपल्याकडील जुने नळकारागीर सफेदा लावलेले सूत गुंडाळीत, तेथे टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतात. गुंडाळण्याची दिशा मात्र दोन्हीकडे तीच, आटे ज्या बाजूने चढतात त्या बाजूची. आणि पितळेवर कोरलेला बाण पाहिल्यावाचून हात लावू नये. माझ्या परिचयाच्या एका घरी रात्री भिंतीतून ठोके ऐकू येत. महिनाभर त्याचा छडा लागेना. अखेर असे निघाले की, कोणा कारागिराने एकाच दिशेने चालणारा व्हॉल्व्ह उलटा बसविला होता, आणि मिटत आलेले त्याचे तोंड पाण्याच्या रेट्याने पुनःपुन्हा बैठकीवर आपटत होते.

एका प्रकरणाने मला विशेष आनंद दिला, तो रेडिएटरच्या तळाशी साचणाऱ्या काळ्या गाळाविषयीचा. हा गाळ म्हणजे मॅग्नेटाइट होय. दल्ली-राजहराच्या तांबूस हेमॅटाइटपासून लोखंड काढण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला हे वाचून कसे वाटेल, याची कल्पना वाचकाने करावी : आम्ही ज्या ऑक्सिजनपासून लोखंडाला सोडवितो, त्यालाच ते, नुसते पाण्यात उभे राहून, वर्षानुवर्षे हळूहळू परत मिळत असते. या क्रियेत हायड्रोजन सुटतो, तो रेडिएटरच्या माथ्याशी साचतो आणि वरचा भाग थंड लागतो. खालचा मधला भाग थंड लागला तर गाळ समजावा. माथ्याची किल्ली फिरवून वायू सोडताना जवळ दिवा-काडी नसावी, आणि पाण्यात गंजरोधक द्रव्य न घालता यंत्रणा भरू नये, या दोन सूचना लेखकाने ठळक अक्षरांत छापवून घेतल्या आहेत, ते योग्यच झाले.

पुस्तकात मला एक उणीव जाणवली ती अशी की, एकाच नळावर चालणाऱ्या जुन्या यंत्रणांचा विचार फार त्रोटक झाला आहे. जर्मनी, पोलंड या बाजूंना हल्ली आपली पुष्कळ मुले शिकावयास जातात, आणि जुन्या इमारतींत त्यांची अशा यंत्रणेशी गाठ पडण्याचा संभव आहे. पुढील आवृत्तीत ही भर पडावी. उलट, बॉयलरच्या आत हात घालू नये, हे लेखकाने ज्या निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे त्याबद्दल त्यांचे अभिनंदन केले पाहिजे. ब्रिटनमध्ये गॅसचे काम नोंदणी झालेल्या कारागिरानेच करावे असा कायदा आहे, आणि तो कायदा निष्कारण नाही. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो काय करतो हे भट्टीवर काम केलेल्या माणसाला विचारावे. ज्वलन बिघडलेला बॉयलरही तोच वायू सोडतो. त्याची सूचना देणारी घंटा घरात असावीच.

वाचकाला माझी विनंती एकच आहे. हे पुस्तक घेऊन प्रथम घरातल्या सर्वांत थंड खोलीत जाऊ नका; बॉयलरच्या सर्वांत जवळच्या रेडिएटरपाशी जा, त्याच्या परतीच्या नळावर हात ठेवा आणि मग पाचवे प्रकरण उघडा. आणि दरवर्षी सप्टेंबर संपण्याच्या आत, तापन सुरू करण्यापूर्वी, प्रत्येक मूठ उतरवून खालची खीळ अंगठ्याने दाबून पाहा. ती आपण होऊन वर आली पाहिजे. उन्हाळाभर मिटून राहिलेली खीळ पुष्कळदा तेथेच धरून बसते, आणि तेवढ्यावरून चांगला व्हॉल्व्ह निकामी ठरवून फेकला जातो. तिला पकडीने ओढू नका. हळूहळू दाबत, सोडत राहिल्याने ती बहुधा मोकळी होते.

भिलाईनगर,
मकरसंक्रांत